चाकांवरच्या सोळा रेघा

माझ्या हातून घडलेल्या लाजिरवाण्या गोष्टी मी सहसा लपवत नाही. एकदा भलत्याच नवरीच्या हातात आहेर ठेवून मी पोटभर जेवून आले होते. एकदा साहेबांबद्दलची कुरकुर साहेबांच्याच फोनवर पाठवली होती. हे सगळं मी चारचौघांत रंगवून सांगते, लोक हसतात आणि मलाही बरं वाटतं. ही एक गोष्ट मात्र मी कुणालाच सांगितलेली नाही. नवऱ्यालाही नाही, कारण ज्यांच्याशी मी तशी वागले ते त्याचे वडील.

मी मूळची नाशिकची. नोकरीसाठी चेन्नईला आले आणि इथल्याच एका तंजावरकडच्या मराठी घरात पडले. आम्ही तांबरमला राहतो, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. सासऱ्यांना मी मामंजी म्हणते. त्यांचं मराठी पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात मुरलेलं. पोथीतले शब्द आणि तमिळ हेल एकाच वाक्यात. लग्नानंतरचं पहिलं वर्ष मी नुसती मान हलवत काढलं. मामंजींनी बत्तीस वर्षं एका सरकारी तंत्रशाळेत मोटार मेकॅनिकचा वर्ग शिकवला. आता वय एकाहत्तर. कमरेला पांढरी वेष्टी, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि खिशाला पेनाच्या जागी टायरमधली हवा मोजायची कांडी. देवळात जातानासुद्धा ती कांडी खिशाला असते. सासूबाईंनी तिच्यावर बोलणं सोडून दिलंय.

गाडी शर्यतीला न्यायचं खूळ माझं. अड्यारला आमच्या ऑफिसात गाड्यांच्या मागे लागलेली चार-पाच मुलं आहेत. मुलं म्हणजे पंचविशी-तिशीतले सहकारी. जेवताना त्यांचं तेच चालायचं, कुणाची गाडी किती सेकंदांत गेली. ड्रॅग रेस म्हणजे दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या, समोर सरळ रस्ता, चारशे मीटरच्या किंचित वर. हिरवा दिवा लागला की सुटायचं. वळणं नाहीत, डावपेच नाहीत, अठरा-वीस सेकंदांत सगळं आटोपतं. शहराबाहेरच्या ट्रॅकवर एका रविवारी नवशिक्यांसाठी खास दिवस होता. घरची रोजची गाडी घेऊन कुणीही यावं. मी म्हटलं, मी येते. त्यांच्यातला एक हसून म्हणाला, "मॅडम, तुम्ही?" त्यात वाईट काही नव्हतं. पण मला 'तुम्ही?' म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी एक्केचाळीस वर्षांची, ऑफिसात त्यांच्यापेक्षा वरच्या जागेवर, आणि त्या टेबलावर एकटी बाई. त्याच दुपारी मी फॉर्म भरून टाकला.

घरी सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, "बरं." त्याचं सगळ्यालाच 'बरं' असतं. सासूबाई म्हणाल्या, आपटशील कुठेतरी. मामंजींनी पेपर खाली ठेवला.

"गाडी कोणची? आपलीच?"

"आपलीच."

"क्लच पाहायला हवा," ते म्हणाले आणि उठून बाहेर गेले.

आमची गाडी म्हणजे अकरा वर्षांची पांढरी सेडान. तिचा स्वभाव शांत होता. पुढचे तीन रविवार आम्ही दोघं पोर्चमध्ये तिच्यामागे होतो. पहिल्या रविवारी वजन कमी केलं. स्टेपनी काढली, जॅक काढला, पायपुसणी काढली, मागची अख्खी सीट उचलून बाहेर ठेवली. सीटखाली सासूबाईंचं एक कुडं निघालं. त्याच्यासाठी त्यांनी तिरुपतीला नवस बोलला होता आणि तो फेडायचा की नाही यावर दोन दिवस घरात चर्चा झाली. दुसऱ्या रविवारी मामंजींनी प्लग काढून साफ केले, हवेचा फिल्टर बदलला, बॅटरी हलते का ते दोन्ही हातांनी हिसडून पाहिलं. मी शेजारी उभी राहून पाना दे म्हटलं की पाना, फडकं म्हटलं की फडकं देत होते. ते प्रत्येक गोष्ट सांगून करत. बत्तीस वर्षांची सवय. आधी का, मग कसं, आणि शेवटी "कळलें का?" नाही म्हटलं तर पहिल्यापासून. मला इतकं मन लावून कुणी काही शिकवलंय असं मला आठवत नाही. माझे वडील गणित शिकवायचे तेसुद्धा दोन मिनिटांत चिडायचे.

तिसऱ्या रविवारी चाकं. मी हौसेनं जुन्या बाजारातून अलॉय व्हील घेतली होती, वजनाला हलकी आणि दिसायला देखणी. मामंजींनी एका चाकावर बोटानं टकटक केलं, मग गाडीच्या ज्या हबवर ते बसवायचं त्यावर.

"चाक नवें, हब जुना. दोघांची ओळख व्हायला वेळ लागतो गे," ते म्हणाले. "आज कितीही आवळलेंस तरी एकदां जोरांत पळवल्यावर नट थोडे बसतात, मग ढिले होतात. पहिल्या धांवेनंतर परत आवळायचे. विसरायचें नाहीं."

मग त्यांनी एका चाकाचे चार नट समोरासमोरच्या क्रमानं आवळले आणि म्हणाले, आता खूण करायची. नटावरून सुरू करून चाकावर उतरणारी एक बारीक रेघ मारायची. नट हलला की रेघ तुटते. अर्धी नटावर, अर्धी चाकावर, दोन तुकडे एकमेकांपासून सरकलेले. "वाकायला नको, पाना लावायला नको. दहा पावलांवरून दिसतें," ते म्हणाले. "कळलें का?"

कळलं होतं. पण रंगाचा डबा वाळून दगड झाला होता. मामंजी आत गेले आणि सासूबाईंची ओल्या कुंकवाची बाटली घेऊन आले, झाकणाला काडी असलेली. पहिली रेघ त्यांनी मारली. उरलेल्या पंधरा मी मारल्या. जमिनीवर मांडी घालून, जीभ बाहेर काढून, शाळेतल्या मुलीसारखी. सोळावी झाल्यावर त्यांनी लांब फाटकापाशी जाऊन, डोळे बारीक करून पाहिलं आणि "दिसतें," म्हणाले.

शर्यतीच्याच रविवारी मामंजींच्या बहिणीच्या नातवाचं लग्न होतं, तंजावरला. नवरा, मुलगा आणि सासूबाई आदल्या दिवशी रेल्वेनं गेले. मामंजी गेले नाहीत. बहिणीला फोनवर काय सांगितलं ते मला माहीत नाही. मला एवढंच म्हणाले, "गाडी मी उघडलेली. मी नको का?"

रविवारी सकाळी निघालो. मागची सीट नसल्यामुळे गाडी आतून पिंपासारखी वाजत होती. मामंजी माझ्या शेजारी, मांडीवर दहीभाताचा डबा, पायांशी टॉवेलमध्ये गुंडाळलेला मोठा पाना. मी खूश होते. गाणं गुणगुणत होते म्हणा ना.

ट्रॅकच्या फाटकातून आत शिरले आणि माझी खुशी उतरायला लागली. नवशिक्यांचा दिवस म्हणतात, पण नवशिके माझ्यासारखे नव्हते. कुणी गाडी ट्रेलरवर घालून आणलेली, कुणाच्या पाठीवर छापील जर्किनं, कुणाबरोबर दोन-दोन मदतनीस सारख्या टोप्या घालून. ऑफिसातली मुलं काळे चष्मे लावून उभी होती. आणि मी गाडीतून उतरले, तर दुसऱ्या दारातून वेष्टी सावरत मामंजी उतरले, एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात टॉवेलची गुंडाळी. कपाळाला विभूती. मी त्यांच्याकडे त्या लोकांच्या नजरेनं पाहिलं. तेच माझं पहिलं पाप. बाकीचं त्याच्या पोटातून आलं.

शर्यतीआधी प्रत्येक गाडीची तपासणी असते. रांगेत उभं राहायचं, तपासणारा बॉनेट उघडून पाहतो, सीटबेल्ट ओढून पाहतो, हेल्मेट पाहतो, चाकांना हात लावून पाहतो. आमचा तपासणारा चाळिशीचा, बोलका माणूस होता. तो पुढच्या चाकाशी वाकला आणि तसाच थांबला. मग हसला.

"अरे वा, पूजा करून आलात?" तो इंग्रजीत म्हणाला.

माझ्या मागच्या गाडीला टेकून ऑफिसातला तोच सहकारी उभा होता, 'तुम्ही?' वाला. त्यानंही वाकून पाहिलं. मग आणखी दोघांनी. कुणीतरी म्हणालं, लिंबू नाही का ठेवलं चाकाखाली. सगळे हसले. खरं सांगते, त्या हसण्यात विष नव्हतं. या शहरात गाडी घेतली की लिंबू चिरडतातच, त्यांच्याही घरी चिरडतात. मी एका वाक्यात सांगू शकले असते, ही पूजा नाही, ही खूण आहे, नट हलला तर कळावं म्हणून. तपासणारा त्या धंद्यातला माणूस, त्याला अर्ध्या वाक्यात कळलं असतं. कदाचित बाकीच्यांना बोलावून दाखवलंही असतं त्यानं.

मी म्हटलं, "माझ्या ड्रायव्हरनं केलंय. कितीदा सांगितलं तरी ऐकत नाहीत हे लोक."

आणि काच पुसायचं ओलं फडकं घेऊन मी खाली बसले आणि रेघा पुसल्या. पुढच्या दोन्ही चाकांच्या पुसल्या, मग मागच्या. सोळाच्या सोळा. कुंकू ओलं होऊन बोटांना लागलं, ते मी जीन्सला पुसलं.

उठले तेव्हा मामंजी पाच-सहा पावलांवर उभे होते. त्यांना इंग्रजी माझ्याइतकंच येतं. शाळेतली पुस्तकं इंग्रजीतच होती. त्यांचा चेहरा बदलला नाही. त्यांनी टॉवेलची गुंडाळी नीट घट्ट केली, तपासणाऱ्याकडे पाहून जरा मान लववली, आणि ट्रेलरवाल्यांचे ड्रायव्हर ज्या कडुनिंबाखाली बसले होते तिकडे चालू लागले. मी हाक मारायला हवी होती. हाक मारायची म्हणजे 'मामंजी' म्हणायला लागलं असतं, आणि शेजारच्यानं विचारलं असतं, मामंजी म्हणजे काय. मी हाक मारली नाही. तपासणाऱ्यानं काचेवर हिरवा कागद चिकटवला आणि म्हणाला, "ऑल द बेस्ट, मॅडम."

पहिली फेरी कशी झाली ते काय सांगू. दिवा हिरवा झाला आणि माझी गाडी बंद पडली. क्लच सोडण्यात घाई केली. शेजारची गाडी दिसेनाशी झाल्यावर मी पुन्हा चालू केली आणि चिडून इतकी दामटली की शेवटी सगळं स्टीअरिंग हातात थरथरत होतं. मला वाटलं, वेग असा असतो. हातात मिळालेल्या चिठ्ठीवरचा वेळ मी इथे लिहीत नाही. सहकारी म्हणाला, पहिल्या वेळी सगळ्यांचं असंच होतं. तो चांगलाच मुलगा होता, हेच तर आहे. माझी लाज राखायची गरज तिथे कुणालाच पडली नव्हती.

दुसऱ्या फेरीच्या रांगेत मी गाडीत बसले होते, हेल्मेट मांडीवर, ऊन अंगावर. सोळा नटांची मला आठवणसुद्धा नव्हती. काचेवर बोटं वाजली. बाहेर मामंजी.

"मॅडम, ओरु निमिषम," ते तमिळमध्ये म्हणाले. मॅडम, एक मिनिट.

मला मॅडम. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, या माणसानं माझ्या बाळंतपणात माझ्यासाठी रात्री उठून पेज केली होती, आणि ते खाली मान घालून मला मॅडम म्हणत होते. मी काही बोलण्याआधी ते तापलेल्या डांबरावर गुडघा टेकून बसले आणि पुढच्या डाव्या चाकाला पाना लावला. मी पुढच्या काचेतून मान उंच करून पाहत होते, फक्त खांदा आणि पान्याचा दांडा दिसत होता. पहिला नट घट्ट होता. दुसरा पाव फेरा फिरला. तिसराही पाव फेरा. ते उठले, बॉनेटला हात टेकून दम घेतला, आणि दुसऱ्या बाजूला गेले.

मागच्या गाडीतून उतरून सहकारी बघायला आला. "चांगला माणूस मिळालाय तुम्हाला," तो म्हणाला. "आजकाल असे ड्रायव्हर मिळत नाहीत."

"हो," मी म्हटलं. "जुने आहेत."

पुढची रांग सरकली. मागून हॉर्न वाजला. मामंजी पाना घेऊन मागच्या चाकाकडे निघाले होते. मी काच खाली केली आणि म्हटलं, "पोदुम." पुरे. एवढ्याच आवाजात की ड्रायव्हरला म्हटल्यासारखं वाटावं. ते थांबले, बाजूला झाले आणि मी गाडी पुढे घेतली.

दुसरी फेरी बरी झाली. स्टीअरिंग थरथरलं नाही. परतीच्या रस्त्यानं येताना कडुनिंबाखालचे सगळे ड्रायव्हर दोरीपाशी उभे दिसले, आणि मी जवळून गेले तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, टर उडवताहेत, बाई गाडी बंद पाडते म्हणून. मी काच वर केली.

घरी येताना मामंजी पुन्हा माझ्या शेजारीच बसले, दुसरी सीटच नव्हती. मी तोंड उघडायचं ठरवत होते, पहिल्या सिग्नलला, मग टोलनाक्यावर, मग पुलापाशी. त्यांनीच विचारलं, "वेळ किती आला?" मी सांगितला. "पहिल्यापेक्षां बरा," ते म्हणाले. मग डबा उघडून माझ्यासाठी ठेवलेला अर्धा दहीभात दाखवला. मी गाडी बाजूला घेऊन तो खाल्ला. भूक नव्हती, पण खाल्ला. ते खिडकीबाहेर बघत होते.

सोमवारी सासूबाई परतल्या आणि त्यांना सणावारीच लागणारी ती ओल्या कुंकवाची बाटली देवापुढे सापडेना. ती पोर्चमध्ये सापडली, झाकणाला ग्रीस लागलेली.

"हें काय केलेंत माझ्या बाटलीचें?"

"चाकांना लावलें," मामंजी म्हणाले.

"चाकांना?"

"सुनेच्या गाडीच्या."

सासूबाई माझ्याकडे पाहून हसल्या, बरं झालं म्हणाल्या, देव पाठीशी हवाच. मामंजींनी पेपर उघडला. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासली.

त्यानंतरचे चार महिने मी अतिशय चांगली सून होते. कॉफी त्यांच्या हातात नेऊन देत होते. टी. नगरच्या कापडबाजारात जाऊन गर्दीत चेंगरून जरीकाठाची वेष्टी आणली. त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, "हें कशाला? सण कोणचा?" मी म्हटलं, सहज. माफी मागायला एक वाक्य पुरतं, पण ते वाक्य टाळायचं असेल तर माणूस टी. नगरपर्यंत जातो.

शर्यतीनंतरच्या पहिल्याच रविवारी ते पाना घेऊन पोर्चमध्ये आले. दर रविवारी ते गाडीचं तेलपाणी बघत. त्या दिवशी मागच्या चाकाशी वाकले होते. मला ते पाना घेऊन वाकलेले पाहवेना. मी धावत गेले. "राहू द्या मामंजी, तुम्ही कशाला त्रास घेता? मी गॅरेजमध्ये देते." मला वाटलं, आता मी त्यांना मान देते आहे.  "सरी मा," म्हणाले, बरं गं, आणि पाना जागेवर नेऊन ठेवला. पुन्हा त्यांनी गाडीला हात लावला नाही. मी गाडी गॅरेजमध्ये दिली नाही. देऊ, देऊ म्हणत राहिले.

मध्येच एका संध्याकाळी त्या सहकाऱ्याचा निरोप आला, तुमच्या ड्रायव्हरचा नंबर द्याल का, माझ्या गाडीचं काम आहे. मामंजी समोरच्या खुर्चीत चष्मा पुसत बसले होते. मी लिहिलं, ते सोडून गेले. पाठवून टाकलं आणि फोन उशीखाली ठेवला. घरात बसलेल्या माणसाबद्दल मी असं लिहिलं.

मग आयुधपूजा आली. त्या दिवशी आमच्या घरात सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडतात. विळी, कात्री, शिवणयंत्राची चाती, मामंजींचे सगळे पाने मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीनं, आणि टोकाला ती हवेची कांडी. त्यांना गंध-कुंकू लावायचं आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. पाटावरचं झालं की मामंजी बाहेर येऊन वाहनांना लावतात. स्कूटरला लावलं, माझ्या मुलाच्या सायकलला लावलं. गाडीपाशी आले आणि थांबले. मग ओल्या कुंकवाची बाटली माझ्यापुढे धरली.

"तूंच लाव," ते म्हणाले. "कुठें लावायचें, कुठें नको, मला कळेना."

त्यांनी ते टोमणा म्हणून म्हटलं नाही. त्यांना टोमणे मारता येत नाहीत. त्यांना खरंच कळेनासं झालं होतं, आणि ते मी केलं होतं.

मी बाटली घेतली. बॉनेटवर टिळा लावला. मग मागच्या चाकाशी बसले आणि काडी बुडवून नटावरून चाकावर रेघ मारली.

"आवळून पाहिलास का तो?" वरून आवाज आला.

"पाना पूजेत आहे."

"मग रेघ कशाची मारतेस?"

मी काडी बाटलीत घातली. वर न बघता म्हटलं, "मामंजी, त्या दिवशी मी तुम्हाला ड्रायव्हर म्हटलं."

"ऐकलें मी."

"माझं चुकलं. मला तुमची लाज वाटली. आता माझी वाटते."

ते पायरीवर बसले. बसायला त्यांना वेळ लागतो.

"ड्रायव्हर म्हटलीस त्याला काय झालें? जन्मभर ड्रायव्हर आणि मेकॅनिकच तर घडवले. त्या झाडाखालीं एक माझ्या वर्गाचा निघाला. सार, तुम्ही इथें कसे, म्हणाला. सांगितलें, माझ्या सुनेची गाडी आहे, ती पळवते. मग सगळे उठून बघायला आले."

म्हणजे त्या टाळ्या. मी काच वर केली होती.

"मग मला मॅडम का म्हणालात?"

"तूंच सांगितलें होतेंस ना तसें. चारचौघांत तुला खोटी कशाला पाडूं?"

चार महिने मी त्या एका शब्दानं जळत होते. वेष्टी त्या शब्दासाठी, कॉफी त्या शब्दासाठी. त्यांना तो शब्द लागलाच नव्हता. ड्रायव्हर म्हणवून घेण्यात कमीपणा आहे हे त्या आवारात फक्त मलाच वाटत होतं. मला वाटलं, सुटले. मी उठायला लागले.

"पण रेघा पुसल्यास तें नको होतें," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. वर्गात एखाद्याच्या हातून काम बिघडल्यावर बोलत असतील तसा होता. "पंधरा तूं स्वतः मारल्या होत्यास. कशाला मारतात तें तुला ठाऊक होतें. ठाऊक नसतें तर गोष्ट वेगळी. तूं त्या रस्त्यावर गाडी पळवतेस आणि मी दोरीच्या अलीकडे. रेघच नाहीं तर मी दुरून काय बघूं?"

मी पुन्हा चाकाशी बसले. सासूबाईंनी आतून नैवेद्याला हाक मारली, ते उठून गेले.

दुसऱ्या दिवशी विजयादशमी, हत्यारं पुन्हा हातात घ्यायचा दिवस. मामंजींनी पाटावरचा मोठा पाना उचलला आणि मला दिला. स्वतः पायरीवर बसले. मी पुढच्या डाव्या चाकापासून सुरुवात केली, समोरासमोरच्या क्रमानं, त्यांनी शिकवल्याप्रमाणे. पुढचे आठही घट्ट होते, ते त्यांनी उन्हात गुडघा टेकून आवळले होते. मागचे, ज्यांच्यापाशी मी त्यांना दोनदा थांबवलं होतं, ते राहिले होते. मागच्या उजव्या चाकाचा तिसरा नट पाव फेरा फिरला, मग आणखी पाव.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनीही ते पाहिलं होतं. त्याच गाडीतून, मागची सीट परत बसवून, मी चार महिने अड्यारला जात-येत होते, मुलाला शाळेत सोडत होते, त्यांना आणि सासूबाईंना देवळात नेत होते. तो नट कधीपासून ढिला होता हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.